बेचाळीस खणांच्या मुठी

४ मार्च, सोमवार

कपाट आलं. टेम्पोतून उतरवताना चार हमाल "हळू, हळू" म्हणून एकमेकांवर ओरडत होते आणि मी उगाच मधे मधे नाचत होते. आता ते गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभं आहे, आणि मी त्याच्यासमोर पालथ्या बादलीवर बसून हे लिहितेय. सहा ओळी, ओळीत सात, असे बेचाळीस खण. एकालाही मूठ नाही. प्रत्येकाला नुसती दोन-दोन भोकं. दुपारच्या उजेडात वाटतं, बेचाळीस चेहरे डोळे किलकिले करून विचारतायत, बाई, आता काय करणार?

काय करणार ते मलाही नीट ठाऊक नाही. सत्तावीस वर्षं मी नाटकगृहातल्या खुर्च्या दुरुस्त केल्या. लोक नाटक बघायचे, मी खुर्च्या बघायचे. नाटकगृह बंद झालं तेव्हा सगळ्यांना नटांचं वाईट वाटलं, खुर्च्यांचं फक्त मला. आता घरामागच्या या गॅरेजमध्ये, ज्यात माझी गाडी कधीच नव्हती, मी खुर्च्यांचा दवाखाना काढणार आहे. या वयात. लोक हसतील तर हसोत.

कपाट औषधवाल्या आजोबांचं. त्यांचं दुकान संपलं. "घेऊन जा, नाहीतर सरपणात जाईल," म्हणाले. मुठी कधीतरी चकाकवायला काढल्या होत्या, त्या सामान हलवताना हरवल्या. पण वास हरवलेला नाही. कपाट आल्या आल्या दादा एकेका खणात नाक खुपसत सुटला. "हा कापूर. हा पेपरमिंट. हा खोकल्याचा." मी म्हटलं, अरे, साठीला आलास. तर म्हणाला, "नाकाला कुठे साठी असते, टिल्ले?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकतीस वर्षं त्याने शहरातली बस चालवली. निवृत्तीला चार वर्षं बाकी असताना एका दिवसात नोकरी सोडली आणि पिशवी घेऊन माझ्याकडे आला. पाठ दुखते म्हणाला. पाठ दुखणारा माणूस खालच्या ओळीतल्या खणांत इतका वेळ वाकून नाक घालतो का?

६ मार्च, बुधवार

हँडलच्या दुकानात गेले होते. एका मुठीची किंमत ऐकली, बेचाळीसने गुणली आणि "परत येते" म्हणून सरळ बाहेर पडले. परत जाणार नाही हे दुकानदारालाही कळलं असावं.

दादा म्हणाला, "आपणच करू. घरात काय कमी भंगार आहे? पण एक अट. दोन मुठी सारख्या नकोत."

"का बरं?"

"सगळ्या सारख्या म्हणजे गणवेशातली पोरं. कोण कुठलं कळत नाही."

मला हे फार आवडलं. बसवाल्याच्या तोंडी कविता!

९ मार्च, शनिवार

अकरा मुठी झाल्या. दादाने जुन्या कमरपट्ट्याचे तुकडे करून त्यांचे कान केले. चमचे पाण्याच्या नळीवर वाकवून कमानी केल्या. मोडक्या खुर्चीचा कातीव दांडा मी करवतीने कापला, त्याचे चार मणी निघाले. दोऱ्याची रिकामी रिळं, कोटाचं बटण, बुद्धिबळातला एकटा उरलेला घोडा. नदीतल्या गुळगुळीत गोट्याला भोक पडेना, तेव्हा दादाने त्याला तांब्याच्या तारेत बांधलं, जसं एखाद्याला झोळीत घालावं.

तो काम करताना डोळे मिटतो. मूठ बसवून झाली की तिच्यावरून बोटं फिरवतो, मान जरा कलती करून, दूरवर कुणी गात असल्यासारखी. मी बघत राहते. झरोक्यातून येणाऱ्या उजेडात लाकडाचा भुसा तरंगत असतो, आणि वाटतं की आम्ही दोघं पाण्याच्या तळाशी बसून काहीतरी फार हळू बनवतोय.

दुपारी तिथेच डुलकी लागली. स्वप्नात मी खण उघडत होते. एकात आमच्या शाळेची घंटा होती. एकात पाऊण तास होता, तो कुणाचा ते कळेना. एकात समुद्र होता, अगदी थोडा, ओंजळभर, पण लाटा खऱ्या. दादाला हाक मारली तर तो म्हणाला, आहे तिथे राहू दे, जागा बदलू नकोस.

१३ मार्च, बुधवार

भावाबरोबर राहणं म्हणजे लग्नासारखंच, फक्त भांडण जुनं असतं. दादाच्या नव्या खोडी लिहून ठेवते, म्हणजे डोकं शांत होईल.

एक. चहा ओतताना कपात बोट बुडवतो. सांगितलं तर म्हणतो, गरम आहे का बघतो.

दुसरी, खुर्ची इंचभर सरकवली तरी चालत नाही. "जिथली तिथे ठेव." हाच माणूस लहानपणी दप्तर अंगणात टाकून पळायचा.

पेपर स्वतः वाचत नाही. "तू वाच, तुझा आवाज छान आहे." एवढ्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मी रोज वाचते, जाहिरातींसकट.

आणि स्वयंपाकघरातून गॅरेजपर्यंत जाताना पुटपुटतो. कान देऊन ऐकलं तर आकडे. एकोणीस पावलं. व्यायाम चालू केलाय बहुतेक. पाठीला बरा.

१७ मार्च, रविवार

लिहू की नको असं झालंय, पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

मला वाटतं दादा पितो.

काल संध्याकाळी दाराच्या चौकटीला खांदा आपटला. आज सकाळी पुन्हा, त्याच बाजूला, डाव्या. दूध आणायला गेला तो कुंपणाच्या फाटकाशी झटापट करत होता, कडी सापडेना. दिवेलागणीनंतर बाहेर पडायचं नाव काढत नाही. मित्र बोलावतात, तो कारणं सांगतो. आणि एका दिवसात नोकरी सोडली ती का? बस चालवणाऱ्याला एका दिवसात घरी कशासाठी पाठवतात?

त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "काय गं, मुका घेतेस की काय?" नुसता चहाचा वास होता. पण हल्ली म्हणे वास न येणारी पण मिळते.

२१ मार्च, गुरुवार

आज तो "मित्राकडे जातो" म्हणून सकाळीच गेला. मी त्याची खोली धुंडाळली. लाज वाटते, पण धुंडाळली. गादीखाली, पिशवीत, बुटांत. बाटली सापडली! पण केवढीशी, माझ्या करंगळीएवढी. डोळ्यांत घालायचे थेंब. गॅरेजची धूळ जात असेल डोळ्यांत, बिचारा बोलत नाही.

इतकं हलकं वाटलं की मी तिथेच त्याच्या गादीवर बसून हसले. दारू नाही! मग त्याच्यासाठी धूळ अडवायचा मोठा चष्मा विकत आणला. संध्याकाळी दिला. तो बराच वेळ हातात धरून बसला. म्हणाला, "तू फार चांगली आहेस गं." एवढ्याशा गोष्टीसाठी.

२८ मार्च, गुरुवार

बेचाळीस पूर्ण!

कपाट आता एखाद्या जत्रेतल्या गर्दीसारखं दिसतं, प्रत्येकाचं नाक वेगळं. कुठल्या खणाला कुठली मूठ हे सगळं दादाने ठरवलं, आणि हुज्जत घालू दिली नाही. चुकांच्या खणाला दातेरी बाटलीचं बूच. (मी म्हटलं, माझ्या चुकांना एक खण कसा पुरेल? तो म्हणाला, लोखंडी चुकांबद्दल बोलतोय.) सरसाला गुळगुळीत चमचा. सुतळीला रीळ. चामडं कापायची रापी, पटाश्या, पाती असलेल्या तीन खणांना सुतळीची जाड गाठ. त्या गाठी मला काही आवडल्या नाहीत, ओबडधोबड दिसतात. "राहू दे," म्हणाला.

मी प्रत्येक खणावर चिठ्ठी डकवली, ठळक अक्षरांत. नाटकगृहाच्या पाट्या मीच रंगवायचे, अक्षर माझं चांगलं आहे. दादाने चिठ्ठ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. उलट मला खेळ दाखवला. "वस्तूचं नाव सांग." डोळे मिटून उभा राहिला. मी म्हटलं, कानस. हात सरसर फिरला आणि कानस माझ्यासमोर. गिरमिट. पॉलिशपेपर. मोठी सुई. एकदाही चुकला नाही. मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

आणि पहिलं काम मिळालं! ग्रंथालयाच्या बारा खुर्च्या, बसायची वेताची जाळी फाटलेली. एप्रिलअखेर द्यायच्या. वेत मी फार थोडा विणलाय. नीट झाल्या तर आणखी चाळीस आहेत म्हणे. बिघडल्या तर दवाखाना उघडताच रोगी दगावला.

२ एप्रिल, मंगळवार

सकाळी औषधवाले आजोबा रिक्षातून आले, मांडीवर पत्र्याचा डबा. डब्यात काय? मुठी! पितळी, बेचाळीसच्या बेचाळीस. माळ्यावर सापडल्या. चार दिवस चिंच लावून घासल्या म्हणाले. "माझ्या वडिलांनी बसवल्या होत्या. मुली, कपाटाचे दागिने कपाटाला." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगते, नाही म्हणायचं माझ्या मनातही नव्हतं. काय त्या मुठी! सोन्याच्या अर्धचंद्रासारख्या.

दादा पुन्हा मित्राकडे गेला होता. म्हटलं त्याला चकित करू. दिवसभर पेचकस फिरवून मनगट धरलं. आमच्या सगळ्या मुठी पोत्यात भरल्या. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कपाट असं उजळलं, जसं पडदा वर गेल्यावर रंगमंच उजळायचा. बेचाळीस चंद्र, सहा ओळींत. मी जमिनीवर बसून नुसती बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी नेमकं जुळणारं होतं.

३ एप्रिल, बुधवार

दादाला सकाळी दाखवलं. "डोळे मीट आणि ये," म्हटलं.

"मिटलेलेच समज," म्हणाला.

तो समोर उभा राहिला, हात पुढे केला. एका मुठीवर ठेवला, शेजारच्या, त्याच्या शेजारच्या. ओळ संपेपर्यंत गेला. मग म्हणाला, "वा. चकाकतंय छान." आणि चहा करायला गेला. आज पावलं मोजली नाहीत, की माझ्या लक्षात आलं नाही?

रुसला असेल. आमच्या मुठी काढल्या म्हणून. विचारायला हवं होतं मी. पण तोही लहान आहे का आता?

५ एप्रिल, शुक्रवार

आज वेडंवाकडं लिहितेय. अक्षर बघा माझं.

सकाळी ग्रंथालयात मापं घ्यायला गेले होते. दादाला म्हटलं, त्या कोपऱ्यातल्या स्टुलाचं कापड तेवढं ठोकून ठेव. बाराला आले. गॅरेजमध्ये शिरले तर कपाटाचे सात-आठ खण उघडे, कुणीतरी घाईने चोरी करून गेल्यासारखे. पितळेवर लाल बोटं उमटलेली. खाली फरशीवर ठिपके. दादा माझ्या बादलीवर बसलेला, डाव्या हाताला चिंधी, आणि चिंधी भिजलेली.

"काय शोधत होतास?"

"चुका."

"अरे, पण हा रापीचा खण! एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलंय. नाकासमोर!" घाबरले की मी ओरडते. "चिठ्ठ्या कशाला लावल्यात मी? शोभेला?"

तो अगदी हळू म्हणाला, "टिल्ले, मला चिठ्ठ्या दिसत नाहीत."

"चष्मा कुठेय तुझा?"

"चष्म्याचं नाही ते."

रस्त्यावर कुणीतरी मोटार चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मला तेवढंच ऐकू येत होतं.

दवाखान्यात सहा टाके पडले. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, आणखी काही आजार? दादा म्हणाला, "काचबिंदू. दोन्ही डोळे." पाठ दुखते म्हणावं तितक्या सहज. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू मला माहीत असणारच. मी मान हलवली. हो, माहीत आहे, अशी. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

६ एप्रिल, शनिवार

मागची पानं वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय, माझ्याच चांगल्या अक्षरात. चहातलं बोट. एकोणीस पावलं. चौकट. थेंबाची बाटली तर मी हातात धरून हसले. आंधळा तो होतोय की मी होते?

सकाळी भांडले. "सांगायला काय झालं होतं तुला? मी कोण परकी?"

"सांगणार होतो. ज्या दिवशी सांगायचं ठरवलं त्याच दिवशी तुझं कपाट आलं. तू बादलीवर बसून बघत होतीस, लहानपणी जत्रेतले पाळणे बघायचीस तशी. म्हटलं, आज नको. मग रोजच आज नको झालं."

मग बाकीचं सांगितलं. एका वळणावर डावीकडून भाजीची हातगाडी घेऊन एक बाई येत होती. त्याला ती दिसलीच नाही. कंडक्टर किंचाळला म्हणून ब्रेक दाबला. चाक आणि बाई यांच्यात वीतभर अंतर. कुणाला काही झालं नाही. बाईने दोन शिव्या दिल्या आणि गेली. दादाने बस डेपोत नेऊन लावली, किल्ली टेबलावर ठेवली आणि कुणाला न सांगता इस्पितळात गेला. तिथे कळलं, उशीर झालाय. कडा गेल्यात. मधलं तेवढं उरलंय, नळीतून बघावं तसं, आणि आता त्या नळीतही धुकं भरतंय. गेलेलं परत येत नाही. थेंब उरलेलं राखण्यासाठी. मित्राकडे म्हणून जायचा तो इस्पितळातच.

"अजून ती बाई दिसते मला," तो म्हणाला. "तेव्हा नाही दिसली, आता रोज दिसते."

दुपारी बघते तर त्याची पिशवी दाराशी. डेपोतल्या एका सोबत्याची खोली रिकामी आहे म्हणाला. "तुझं आत्ता कुठे सुरू झालंय. त्यात मी कशाला? उद्या आणखी काही कापून घेईन."

मला रडू येत होतं आणि रागही. मी म्हटलं, "बारा खुर्च्या आहेत. वेत मला एकटीला विणता येणार नाही. ते काम डोळ्यांपेक्षा बोटांचं जास्त आहे."

"दया करतेस?"

"दया करायला वेळ कुठेय? महिनाअखेर द्यायच्यात."

तो उभाच राहिला. मग पिशवी उचलून आत गेला. मी दयेपोटी बोलले की गरजेपोटी, खरंच सांगता येत नाही. दोन्ही असेल. त्याने ओळखलं असेल तर तेही बरंच.

संध्याकाळपर्यंत पितळी मुठी सगळ्या काढल्या. पोतं रिकामं केलं. कुठली मूठ कुठे, हे दादाने खुर्चीवर बसून सांगितलं, न अडखळता, बसचे थांबे सांगावेत तसं.

११ एप्रिल, गुरुवार

आजोबांना तोंड कसं दाखवायचं म्हणून मी त्यांच्याकडे जायचं टाळत होते, तर तेच आले. कपाट बघून थबकले. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं, रापी, टाके, काचबिंदू. ते ऐकत ऐकत कपाटाजवळ गेले आणि म्हातारी बोटं मुठींवरून फिरवू लागले. सुतळीच्या गाठींपाशी थांबले.

"या तिन्हीत काय आहे? धारेचं?"

"हो," दादा म्हणाला.

आजोबा इतके खूश झाले की मला कळेना. "अहो, विषारी औषधांच्या बाटल्यांना पूर्वी अंगावर रेघा असायच्या, उठावाच्या. दिवे गेले, झोपेत हात गेला, तरी बोटाला कळावं, थांब, हे ते नव्हे. तुम्ही माझ्या धंद्यातले निघालात!"

मी दोन आठवडे त्या गाठींना ओबडधोबड म्हणत होते.

पितळी मुठींचं काय, हा प्रश्न उरलाच. दादा म्हणाला, खालच्या ओळीत नुसत्या चिंध्या आणि काथ्या आहे, तिथे सारख्या असल्या तरी चालेल. आजोबा म्हणाले, "या वयात खालच्या ओळीत बसायला मिळालं तरी पुष्कळ." उरलेल्या मुठींचा डबा घेऊन ते गेले, पण जाताना दादाशी बराच वेळ बोलत होते. दोघं कुठल्याशा मलमाच्या वासावरून भांडत होते असं वाटलं.

२७ एप्रिल, शनिवार

इतके दिवस लिहायला फुरसत नव्हती. गॅरेजभर ओल्या वेताचा वास. पाण्याच्या टबात वेटोळी भिजत पडलेली असतात, झोपलेल्या सापांसारखी. दादाचे टाके निघाले त्या दिवसापासून तो बसला. आधी उभे पदर, मग आडवे, मग तिरके. भोकात खुंटी मारून वेत ताणून धरायचा. पहिले दोन दिवस मला वाटलं, जमणार नाही. बोटं सोलली, तोंडातून बसवाल्यांच्या शिव्या. तिसऱ्या दिवशी शिव्या थांबल्या आणि तो गुणगुणायला लागला.

दुपारी मी त्याच्याकडे पाठ करून दुसरी खुर्ची घासते. वेताचा सळसळ आवाज येतो, मधेच गुणगुणणं, मधेच काही नाही. जागेपणीच मी कुठेतरी वाहत जाते. कधी भान येतं तर उन्हाचा तुकडा फरशीवरून भिंतीवर चढलेला असतो.

पण एक गोष्ट वाईट केली. त्याच्या चौथ्या खुर्चीत एक तिरका पदर चुकीच्या बाजूने गेला होता. तो आत थेंब घालत होता, तेवढ्यात मी गुपचूप उसवून नीट केला. परत आला, बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

"इथे कोणी हात लावला?"

"जरासंच होतं रे."

"माझी चूक होती ना? मग मला उसवू दे की." त्याने सगळी जाळी उसवली, माझं नीट केलेलंसुद्धा, आणि पहिल्यापासून विणली. दिवस गेला.

३० एप्रिल, मंगळवार

बाराही खुर्च्या दिल्या. ग्रंथपाल बाई एकेकीवर बसून उठल्या, आठवीवर बसल्या त्या पाच मिनिटं उठल्याच नाहीत. ती दादाची. उरलेल्या चाळीस पाठवते म्हणाल्या.

४ मे, शनिवार

आज इस्पितळात दोघं गेलो. पहिल्यांदाच. डोळ्यांतला दाब उतरलाय. आहे तेवढं टिकेल, निदान काही काळ, असं डॉक्टर म्हणाले. किती काळ, ते सांगत नाहीत.

बाहेर पडल्यावर मी रिक्षाला हात केला. दादा म्हणाला, "बसने जाऊ."

नोकरी सोडल्यापासून तो बसमध्ये चढला नव्हता. पायरी पायाने चाचपली आणि चढला. ड्रायव्हर तरुण होता. मागे वळून ओरडलाच, "वस्ताद! तुम्ही! बसा, बसा. पाठ कशी आहे?" दादानेच त्याला शिकवलं होतं म्हणे.

दादा त्याच्या मागच्या दांडीला धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघत होते. तो म्हणाला, "पाठ ठणठणीत आहे रे. डोळे गेले. म्हणून सोडली." असं, भर बसमध्ये. ड्रायव्हरने पुढचं वळण इतकं अलगद घेतलं की उभ्या माणसाचा तोलही हलला नाही.

मग म्हणाला, "स्टॉप आला की सांगतो, वस्ताद."

"सांगू नकोस. हा रस्ता माझ्या पायांना पाठ आहे."

दादा बसला, डोळे मिटले. आता डावीकडे. आता चढ. आता सिग्नल. सगळं बरोबर. त्याचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी आपल्या जुन्या घरात खोल्या खोल्यांतून फिरत असावं. मग तो उठला, "चल, आलं," म्हणाला आणि घंटा मारली.

आलं नव्हतं. एक थांबा आधी होता. मला दिसत होतं. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, काही बोलू नकोस म्हणून. आणि दादाच्या मागोमाग उतरले.

बस गेली. दादा उभा राहिला. नाक वर केलं, मान इकडे तिकडे. आमच्या थांब्याशी बेकरी आहे, तिथे सदा भाजल्याचा वास असतो. इथे नव्हता.

"टिल्ले, आपण आधीच उतरलो का गं?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"...हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

आता ओरडणार असं वाटलं. पण तो म्हणाला, "बाई गं, मला वाईट वाटलेलं चालेल. एवढ्या उन्हात चालायला लावलेलं चालणार नाही." आणि मग दोघंही हसत सुटलो, रस्त्याच्या मधोमध, इतके की सायकलवाल्याला घंटी वाजवावी लागली.

हसून झाल्यावर त्याने हात पुढे केला, हवेत थोडा चाचपला, आणि माझा कोपर धरला. असा त्याने आजवर कधी धरला नव्हता. मीही कधी पुढे केला नव्हता म्हणा.

"आता सांग," म्हणाला. "काय काय आहे रस्त्यात ते सगळं सांग. गाळू नकोस काही."

मी सांगत निघाले. पुढे खड्डा आहे, उजवीकडून ये. शिंप्याच्या दुकानाबाहेर कुत्रं झोपलंय, पोटावर सावली, तोंडावर ऊन. एक माणूस पाण्याने दुकानाची पायरी धुतोय, पाणी आपल्याकडे येतंय, थांब, हं, आता चल. आणि वर एका गच्चीत एक बाई केस वाळवत उभी आहे.

"कशी आहे दिसायला?"

"तुझ्या वयाची आहे."

"मग पुढचं सांग."